सुरतेच्या वखारीतले शुक्रवार

कुवेतमध्ये नोकरीला असलेला माझा मावसभाऊ दर गुरुवारी रात्री घरच्या व्हॉट्सॲप समूहावर एक छायाचित्र पाठवतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी, त्यामुळे सहा-सात जण कुणाच्या तरी खोलीवर जमलेले असतात. मधोमध जुनी वर्तमानपत्रे पसरून त्यांवर जेवणाची भांडी मांडलेली, एका कोपऱ्यात पत्ते. मावशीला ही छायाचित्रे आवडत नाहीत. ‘पैसे मिळवायला गेला आणि मित्रांत उधळत बसला,’ हे तिचे ठरलेले वाक्य. घराच्या कर्जाचा हप्ता, धाकट्याच्या महाविद्यालयाची फी, पुढच्या वर्षीचे विमानाचे तिकीट हा सारा हिशेब तिच्या बोटांवर असतो आणि त्या हिशेबात या रात्री कुठेच बसत नाहीत. कुवेतमध्ये दारूला बंदी आहे, तिथे ही मुले चहा पितात, हे तिला अनेकदा सांगून झाले. तिचा विश्वास बसत नाही.

परक्या शहरात राहणाऱ्या माणसाला या रात्री कशासाठी लागतात, याचा शोध घ्यायला मी मुद्दाम निघालो नव्हतो. गोव्यातील माडाच्या दारूचे जुने उल्लेख एका लेखासाठी पडताळत होतो. ते करता करता सुरतेला पोहोचलो आणि तिथे जवळपास चारशे वर्षांपूर्वीच्या अशाच बैठकी सापडल्या. फरक एवढाच की त्या बैठकींतले परदेशी लोक इंग्रज, डच आणि जर्मन होते आणि त्यांचे परके शहर आपल्या शेजारच्या गुजरातेत होते.

सुरत म्हटले की मराठी वाचकाला १६६४ आणि १६७० ही दोन साले आठवतात. शिवाजी महाराजांनी दोनदा लुटावे एवढी संपत्ती त्या शहरात का साठली होती, याचे उत्तर त्याच्या बंदरात आहे. मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडचे सर्वांत मोठे दार म्हणजे सुरत. मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच जहाजावर चढत. कापड, नीळ, मसाले यांचा व्यापार इथूनच चाले. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्याने मोठी जहाजे शहरापर्यंत न येता समुद्रकाठच्या सुवालीला नांगर टाकत. तिथेच १६१२ मध्ये टॉमस बेस्ट या कप्तानाने पोर्तुगिजांच्या आरमाराशी झुंज दिली आणि त्यानंतर लगेच इंग्रजांना सुरतेत वखार घालता आली. काही वर्षांतच डच आले आणि १६६८ मध्ये फ्रेंच. आर्मेनियन, इराणी, अरब, तुर्क व्यापारी तर तिथे होतेच.

वखार हा शब्द आपण गोदाम या अर्थाने वापरतो. सुरतेची वखार गोदाम होतीच, पण त्याशिवाय ती कचेरी होती, खाणावळ होती, प्रार्थनामंदिर होती आणि मुख्य म्हणजे ती वसतिगृह होती. कंपनीचे अध्यक्ष, हिशेबनीस, गुमास्ते आणि विशी-पंचविशीतले कारकून एकाच छपराखाली राहत आणि एकाच पंगतीला जेवत. गोव्याच्या वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी एकच शब्द पुरे आहे : कूड. मुंबईत धोबीतलावच्या परिसरात आपल्या गावोगावच्या लोकांनी ज्या कुडी उभारल्या, त्यांची रचना अशीच. जहाजावर चढण्याआधी आणि जहाजावरून उतरल्यावर तारवटी तिथे मुक्काम करत. भाडे नाममात्र असे, पण संध्याकाळच्या प्रार्थनेला हजर राहणे सक्तीचे असे. सुरतेच्या वखारीतही सकाळी सहाला आणि रात्री आठला प्रार्थना होई, रविवारी तीन वेळा. पूर्व किनाऱ्यावरच्या वखारींसाठी स्ट्रेन्शॅम मास्टर या अधिकाऱ्याने १६७०च्या दशकाच्या अखेरीस केलेले नियम उपलब्ध आहेत. प्रार्थना चुकवणे, दारू पिऊन धिंगाणा घालणे, शिव्या देणे, रात्री दार बंद झाल्यावर बाहेर राहणे, या प्रत्येकासाठी त्यांत दंड होता. नियम नेहमी जे घडत असते त्यासाठीच करावे लागतात, हे आमच्यासारख्या वृत्तपत्राच्या टेबलावर बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

या कुडीत राहणाऱ्यांचे घर किती दूर होते ते पाहिले पाहिजे. इंग्लंडहून आफ्रिकेला वळसा घालून सुवालीला यायला सहा-सात महिने लागत. जहाजे पावसाळा सरल्यावर येत आणि हिवाळ्यात परत फिरत. म्हणजे पत्रे जाण्या-येण्याचा हंगाम वर्षातून एकदाच. बायकोला काही विचारले तर तिचे उत्तर हाती पडायला दीड वर्ष सहज लोटे आणि तोवर प्रश्न शिळा झालेला असे. कंपनीच्या सुरुवातीच्या काळात नोकरांना बायका-मुले सोबत आणण्याची मुभा नव्हती. शिवाय परतीची खात्री नव्हती. ‘दोन पावसाळे हेच माणसाचे आयुष्य’ अशी म्हण इंग्रजांमध्ये मुंबईबद्दल रूढ होती. सुरतेची हवा मुंबईपेक्षा बरी मानली जाई, एवढेच.

अशा घरात एप्रिल १६३८ मध्ये योहान आल्ब्रेख्त फॉन मेंडेल्स्लो नावाचा एक जर्मन तरुण पाहुणा म्हणून आला. वय अवघे एकवीस. होल्श्टाइनच्या ड्यूकने इराणच्या शाहाकडे पाठवलेल्या वकिलातीबरोबर तो निघाला होता. तिथून हिंदुस्थान पाहण्याच्या ओढीने सुरतेला उतरला. वखारीचे अध्यक्ष विल्यम मेथवोल्ड यांनी त्याला अनेक महिने ठेवून घेतले. व्यापाराशी काही देणेघेणे नसल्याने या मुलाने लोक काय खातात, कधी हसतात, कुणाशी बोलतात याकडे बघितले आणि त्यामुळेच त्याचे वर्णन कंपनीच्या कागदपत्रांपेक्षा अधिक जिवंत झाले.

मेंडेल्स्लो सांगतो की, रोजच्या बैठकीत तिथे केवळ चहा घेतला जाई. पोट साफ ठेवणारे औषध म्हणून इंग्रज आणि डच तो पीत. लंडनमध्ये चहाची जाहीर विक्री सुरू व्हायला तेव्हा आणखी जवळपास वीस वर्षे होती. इंग्रजांनी आपल्याला चहा शिकवला असे आपण समजतो. सुरतेतल्या या इंग्रजांना मात्र तो इथेच भेटला होता.

मग शुक्रवार येई. शुक्रवारी रात्रीची प्रार्थना संपली की एक खास बैठक भरे. अध्यक्ष आणि त्यांच्या नात्यातले तीन व्यापारी तिला असत आणि पाहुणा म्हणून मेंडेल्स्लोही. हे चौघेही बायकांना इंग्लंडमध्ये ठेवून आले होते. ज्या दिवशी त्यांनी घर सोडले तो वार शुक्रवार होता. म्हणून दर शुक्रवारी एकत्र बसायचे आणि दूर असलेल्या आपापल्या बायकांच्या आरोग्यासाठी प्याला उचलायचा, असा त्यांचा नेम होता. स्पेनची सॅक नावाची मद्ये असत, ती हवी तशी मिसळून घेता येत. शिवाय ‘पालेपुंट्झ’ नावाचे एक पेय असे. कुणी किती प्यावे यावर सक्ती नव्हती, पण काही जण उठवणार नाही एवढी पीत, असेही हा पाहुणा प्रामाणिकपणे नोंदवतो.

हे वाचताना मला मावशीची आठवण झाली. तिच्या दृष्टीने हे बायकांना विसरण्याचे साधन. इथे तर बैठकीचे कारणच बायकांची आठवण. आठवड्याचा एक वार त्यांच्या नावाने राखून ठेवला होता आणि त्याला साक्षी म्हणून तीच व्यथा असलेले आणखी तिघे बोलावले होते. एकट्याने खोलीत बसून प्याला उचलण्यापेक्षा हे वेगळे होते आणि तो वेगळेपणा त्या चौघांना नीट कळलेला दिसतो.

रविवारी प्रवचन झाले की मंडळी शहराबाहेरच्या बागेत जात. तिथे नेमबाजीची स्पर्धा चाले. मेंडेल्स्लोचा नेम चांगला असावा, कारण आठवड्याला शंभरेक महमुदी, म्हणजे त्या वेळचे पाच पौंड, तो जिंकत असे. महमुदी हे गुजरातेत चालणारे चांदीचे नाणे. खेळानंतर फळे आणि मुरंबे येत, पाच फूट पाण्याच्या तलावात आंघोळ होई आणि काही डच स्त्रिया पाहुण्यांची सरबराई करत. तरुण माणसाला आणखी काय हवे, असे वाटते तोच तो आपली खंत सांगतो. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. त्यामुळे एवढ्या गर्दीत डच भाषा जाणणारे अध्यक्ष सोडले तर बोलायला कुणी नव्हते. या सगळ्या मौजेत आपल्याला सर्वांत जास्त जाचले ते हेच, असे तो म्हणतो. इंग्लंडमधल्या स्विंडनला पहिल्यांदा गेलेला आपल्याकडचा मुलगा फोनवर नेमके हेच सांगतो, फक्त तिथे तलाव नसतो.

आता त्या पालेपुंट्झकडे वळू, कारण गोव्याचा धागा तिथे आहे. मेंडेल्स्लोने दिलेली कृती अशी : दारूचा अर्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. हेच पेय पुढे ‘पंच’ या नावाने जगभर गेले. या शब्दाचा आज माहीत असलेला सर्वांत जुना उल्लेख १६३२च्या एका पत्रात येतो. कंपनीच्या एका माणसाने पूर्व किनाऱ्यावरच्या पेटापोली इथल्या वखारीत जाणाऱ्या सहकाऱ्याला ते लिहिले आहे. तुम्ही सगळे एकत्र नीट राहाल आणि पंच मोजूनमापून पिणार नाही, अशी आशा त्याने व्यक्त केली आहे. एकत्र राहणे आणि पंच पिणे एका दमात आले आहे, ते लक्षात घेण्याजोगे आहे.

नावाचा उलगडा जॉन फ्रायर करतो. हा कंपनीचा डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत, मुंबई, कारवार असा हिंडला आणि गोव्यातही आला. पाच पदार्थांनी बनते म्हणून ‘पाच’वरून पंच, असे तो सांगतो. मेंडेल्स्लोच्या यादीत चारच जिन्नस आहेत. पाचवे पाणी धरा की मसाला, यावर पुढे बरेच वाद झाले. दारूच्या पिपाच्या इंग्रजी नावावरून हा शब्द आला असावा असे मानणारेही कोशकार आहेत. पण फ्रायरच्या त्याच वाक्यात आपल्याला अधिक जवळची एक गोष्ट आहे. या किनाऱ्यावरचे इंग्रज ज्या अर्कापासून पंच बनवतात तो सर्वांत उत्तम अर्क नेरूलला तयार होतो, असे तो लिहितो. बार्देशातले नेरूल! माडाची सूर उतरवून, भट्टी लावून गाळलेला तो अर्क. फ्रायर डॉक्टर असल्याने पंचाला अंगातले त्राण काढून घेणारे पेय म्हणायला तो विसरत नाही.

आज अर्क शब्द हुर्राकच्या रूपाने आपल्या तोंडी राहिला आहे आणि हुर्राक म्हटले की आपल्याला काजूचा हंगाम आठवतो. सतराव्या शतकात या व्यापारात चाले तो माडाचा. गोव्याचा अर्क सौम्य, बंगालचा जहाल, आणि युरोपीय लोक पंचासाठी दोन्ही वापरतात, अशी तुलना १६८९ मध्ये इंग्लंडहून सुरतेकडे निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याने केली आहे. इंग्रजांचे आणि पोर्तुगिजांचे वैर असताना हा व्यवहार सोपा नव्हता. ते वैर हिंदुस्थानापुरते मिटवणारा करार १६३५च्या जानेवारीत गोव्यातच झाला. व्हाइसरॉय लिन्यारिस यांच्यासमोर बसून तो करणारे इंग्रज अध्यक्ष होते विल्यम मेथवोल्ड, म्हणजे आपल्या शुक्रवारच्या बैठकीचे यजमान. नेरूलच्या रेंदेराने उतरवलेल्या सुरेचा सुरतेच्या वखारीतल्या विरहाशी असा संबंध जुळतो. कुणा रेंदेराला तो कळण्याचे कारण नव्हते.

ओव्हिंग्टनच्या काळापर्यंत वखारीचा थाट वाढला होता. स्वयंपाकी तीन तऱ्हेचे होते, इंग्रज, पोर्तुगीज आणि हिंदुस्थानी, म्हणजे ज्याच्या जिभेला जे हवे ते मिळावे. भांडी चांदीची. रविवारी आणि सणाला हरीण, मोर, ससे, तितर, इराणचे पिस्ते आणि जर्दाळू. रोजच्या जेवणाला शिराझचे मद्य आणि अर्क. एवढे असूनही लोक कशावर तुटून पडत? युरोपातून आलेल्या वाइनवर आणि इंग्रजी बिअरवर. ती महाग मिळे, सहा महिने पिपात हिंदकळत आलेली असे, तरी घेतली जाई. तिच्या चवीशी जुनी ओळख आहे म्हणून, असे कारण ओव्हिंग्टन देतो. सामानाची वजनमर्यादा ओलांडूनही खारे बांगडे आणि सोलां नेणाऱ्या गोवेकराला हे कारण पुरेसे वाटेल.

हे झाले दाराच्या आतले. दाराबाहेर पडलेल्या रात्री फार सुखाच्या नव्हत्या. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५च्या सप्टेंबरमध्ये सुरतेला उतरला. त्याच्या इंग्रज स्वयंपाक्याने पहिल्याच दिवशी दारू विकणाऱ्या एका आर्मेनियनाचे घर शोधून काढले. तिथून तर्र होऊन परतताना वाटेत सुरतेच्या सुभेदाराचा भाऊ लवाजम्यासह समोरून आला. स्वयंपाक्याने त्याला ‘काफर कुत्र्या’ अशा अर्थाची शिवी हासडली. भाषा न कळल्याने तो सरदार सौम्यपणे विचारतो, ‘क्या कहता?’ उत्तरादाखल स्वयंपाक्याने म्यानासकट तलवार त्याच्यावर उगारली. अर्थातच त्याला पकडून कोठडीत टाकले. रोने निरोप पाठवला की, अशा माणसाची मी पाठराखण करणार नाही, आपण योग्य ते करावे. सरदाराने त्याला इजा न करता घरी पाठवून दिले. ही हकीकत लिहून ठेवणारा पाद्री एडवर्ड टेरी शेवटी आपल्याच धर्मबांधवांना विचारतो की, या दोघांत खरा काफर कोण, ते तुम्हीच ठरवा.

दुसरी हकीकतही टेरीचीच आहे आणि ती वाचताना हसू येत नाही. टॉमस कोर्याट हा अवलिया इंग्रज सीरियातल्या अलेप्पोहून पायी चालत १६१५ मध्ये अजमेरला पोहोचला होता. दिवसाला दोन पेनींवर तो गुजराण करी. भाषा पटापट शिके. १६१७च्या डिसेंबरमध्ये तो सुरतेला आला तेव्हा त्याला हगवण लागलेली होती. वखारीतल्या मित्रांनी प्रेमाने पाहुणचार केला. मायदेशाहून सॅक आली आहे हे कानावर पडताच त्याने ती मागून घेतली. तो व्यसनी नव्हता, टेरी तसे आवर्जून सांगतो, आणि प्यालाही बेतानेच. पण त्याने दुखणे बळावले आणि काही दिवसांत तो गेला. हजारो मैल चालून जो दमला नाही, त्याला गावाकडच्या एका चवीचा मोह आवरला नाही. मित्रांनी ती द्यायला नको होती, असे आज म्हणणे सोपे आहे. परक्या मुलखात आजारी माणसाने घरची वस्तू मागितली तर नाही म्हणणारा मित्र मिळणे कठीण.

असे गेलेले लोक सुरतेतच राहिले. कतारगाम दरवाजाच्या बाजूला इंग्रजांची दफनभूमी आहे आणि जवळच डच व आर्मेनियन लोकांची. भारतीय पुरातत्त्व खात्याने ती स्मारके संरक्षित केली आहेत. सर जॉर्ज ऑक्सिंडन आणि त्यांचा भाऊ ख्रिस्तोफर यांच्यावरची घुमटाची इमारत एखाद्या मोगल सरदाराच्या मकबऱ्यासारखी दिसते. जॉर्ज ऑक्सिंडन म्हणजे १६६४च्या स्वारीत वखार लढवणारे अध्यक्ष. १६६९ मध्ये ते सुरतेतच वारले. त्यांच्यामागून आलेले जेरल्ड ऑन्जिए, ज्यांना मुंबई शहराची घडी बसवणारे म्हणून ओळखतात, तेही १६७७ मध्ये सुरतेतच गेले. जिवंतपणी प्रार्थनेचा घंटा चुकवायचा नाही असे घर, आणि मेल्यावर असे घुमट, यांतून हे लोक इथल्या चालीरीतींत किती मुरले होते ते कळते.

डचांकडे सर्वांत भव्य कबर हेंड्रिक फान रेडे यांची. हे नाव गोमंतकीयांनी विसरू नये. ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींवरचा बारा खंडांचा ग्रंथ त्यांनी सिद्ध केला आणि त्याच्या १६७८च्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोचीच्या तीन वैद्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रमाणपत्र छापले. कंपनीतला भ्रष्टाचार निपटण्यासाठी ते सुरतेला निघाले होते. १६९१च्या डिसेंबरमध्ये वाटेत जहाजावरच मृत्यू आला आणि सुरतेला पोहोचला तो त्यांचा देह.

पण आपल्या विषयाशी थेट बोलणारी कबर दुसरीच होती. ओव्हिंग्टनने ती पाहिली. ती एका डच कमांडरची होती आणि तिच्या माथ्यावर पंचाची तीन मोठी भांडी बसवलेली होती, मागे राहिलेल्या मित्रांनी तिथे येऊन मौज करावी म्हणून. ते मित्र तिथे येऊन त्याची इतकी आठवण काढतात की स्वतःलाच विसरतात, असे हा पाद्री मिस्कीलपणे लिहितो. शुक्रवारच्या बैठकीत दूरच्या बायकांसाठी प्याला उचलायचा आणि या बैठकीत जवळच पुरलेल्या मित्रासाठी. त्या कमांडरने बहुधा अशा पुष्कळ रात्री काढल्या असाव्यात आणि आपल्यामागे खुर्ची रिकामी राहू नये, एवढीच त्याची इच्छा असावी. नुकतेच गाव सोडून आलेल्या मुलांना तिथे बसताना काय वाटत असेल, याची कल्पना मात्र करवत नाही.

१६८७ मध्ये इंग्रजांनी आपले पश्चिमेकडचे मुख्य ठाणे मुंबईला हलवले आणि सुरतेची रया हळूहळू गेली. आजची सुरत कापडाची आणि हिऱ्यांची. पंचाच्या इतिहासात जिचे नाव इतके आधी येते, त्या नगरीत आज दारूबंदी आहे. १९४९चा मुंबई राज्याचा कायदा गुजरातने वेगळे होतानाही सोडला नाही. गोव्याहून निघालेल्या बाटल्या गुजरातच्या हद्दीत पकडल्याची बातमी आमच्या टेबलावर इतक्या वेळा येते की मथळा जवळजवळ तयारच असतो.

बैठकी मात्र थांबलेल्या नाहीत. सुरत आजही बाहेरून आलेल्यांचे शहर आहे. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले यंत्रमाग कामगार मेसच्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या असल्याने दिवसपाळीचा माणूस उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर अंग टाकतो. अशा खोलीत मित्रांची बैठक भरायची तर पाळी बदलण्याच्या वेळी, चहाच्या लारीवर, उभ्या उभ्या. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली खानदेशी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. तापीच्या खोऱ्यातून येणाऱ्या रेल्वेने त्यांना गाव जवळ ठेवले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ही मंडळी कानबाईची स्थापना करतात, रोटाचा नैवेद्य होतो आणि अहिराणी गाण्यांनी रात्र जागवली जाते. दुसऱ्या दिवशी विसर्जन. खानदेशाचे आणि सुरतेचे पाणी एकाच तापीचे, ही सोय प्रत्येक परदेशस्थाला मिळत नाही.

खुद्द सुरतकरांना तर घराबाहेर रात्री काढायला निमित्त लागत नाही. ‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ असे गुजरातीत म्हणतात. कोजागरीच्या दुसऱ्या रात्री चांदनी पडवो साजरा होतो. माणसे गच्चीवर, रस्त्याच्या कडेला, डुमसच्या किनाऱ्यावर चटया टाकून घारी आणि भुसू खात बसतात. भुसू म्हणजे फरसाणाचेच एक रूप, घारीच्या तुपाळ गोडीवर उतारा.

मेथवोल्ड १६३९च्या जानेवारीत मायदेशी परत निघाले. मेंडेल्स्लो त्यांच्याच जहाजावर होता. वाटेत ते गोव्याला थांबले. इथे जेझुइटांनी त्यांना जेवण दिले, मुलांचे नाच दाखवले. सुरतेत विल्यम फ्रेम्लिन अध्यक्ष झाले. मेंडेल्स्लो १६४४ मध्ये पॅरिसला देवी येऊन वारला, वय अठ्ठावीस. त्याची टिपणे त्याच्या मित्राने, आडाम ओलेआरियुसने, संपादून छापली नसती तर ते शुक्रवार आपल्याला कळलेच नसते.

हे सगळे मी मावशीला सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, ‘त्या बायकांना कुणी कळवलं का, की हे तिथं बसून आपल्या नावानं पितात म्हणून?’ पत्र पोहोचायला सहा महिने लागत, एवढेच मी म्हणालो.

पुढच्या गुरुवारी रात्री कुवेतहून नेहमीप्रमाणे छायाचित्र आले. मी पानाचे शेवटचे मथळे पाहत होतो. मावशी समूहावर सहसा लिहीत नाही. त्या रात्री तिने लिहिले, ‘उजवीकडचा निळ्या शर्टातला पोर कोण रे? फार बारीक झालाय. त्याला वाढलं का नीट?’